चोवीस नंबरचा कागद

शुक्रवार पेठ, सोलापूर
२० एप्रिल २०२४

चि. काव्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे चोवीस कागद सोबत आहेत. प्रत्येकावर बोटाच्या रक्ताचे दोन ठिपके घेतले, प्रत्येक कागद सावलीत चार तास वाळवला आणि पिशवीत ओलावा शोषणारी पुडी टाकली. तुझ्या संस्थेच्या सूचनांमध्ये ‘शक्यतो’ हा शब्द सहा वेळा आला आहे. रक्ताच्या कामात शक्यतो नसतं. सूचना पुन्हा लिहून काढा.

पाकिटाबरोबर पत्र पाठवते आहे, कारण फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणतेस आणि दुसरीकडे बघत असतेस. उत्तरही पत्रानंच दे. कागदावर लिहिलेलं मागाहून नाकारता येत नाही.

एकतीस वर्षं मी हिवताप खात्यात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. काचपट्टीवर जंतू दिसला तर हिवताप, नाही दिसला तर नाही. तू म्हणतेस, जंतू न बघता आणि डास न पकडता नुसत्या रक्तावरून कळतं की कोणाला हिवतापाचे डास किती चावले. डास चावताना लाळ सोडतो, रक्त त्या लाळेविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि ती मोजता येतात. ठीक आहे. बघू.

नावांची यादी माझ्या कपाटात कुलपात आहे. तुला फक्त नंबर आणि फॉर्म. शेजारच्या घरात जेऊरहून आलेलं एक कुटुंब दोन खोल्यांत भाड्यानं राहतं. बजाबाई, तिचा मुलगा मानसिंग आणि सून रेश्मा. मानसिंग टॉवेलच्या कारखान्यात आहे. सुनेला तिसरा महिना. बजाबाईनं बोट पुढं करायला अर्धा तास लावला.

“बाई, रगात कशाला? डास मारून दावते की. हे बगा भितीवर.”

“डास नको. रक्त हवं.”

“मग ह्या डासाच्या पोटात माझंच रगात हाय. त्येच घ्या.”

रेश्मा तोंडाला पदर लावून हसत होती. तिनं मात्र गुपचूप बोट दिलं.

‘घरात पाण्याचा साठा आहे का?’ या प्रश्नाला चोवीसपैकी तेवीस उत्तरं ‘होय’ आहेत. नळ पाचव्या दिवशी येतो, त्यामुळे पिंप नसलेलं घर तुला शोधून सापडणार नाही. बजाबाई मला विचारते, तुमची एक टाकी पाच दिवस कशी पुरती? शिस्तीनं पुरते. मी पाणी मोजून वापरते.

निकाल लवकर कळव. माझ्या भावाला सांग, आप्पा, गुडघ्याला तेल लावून काही होत नाही, चालावं लागतं.

तुझी आत्या,
चंद्रिका


पुणे
११ मे २०२४

ती. आत्यांना,
साष्टांग नमस्कार.

कागद उत्तम स्थितीत मिळाले. इथल्या तंत्रज्ञ म्हणाल्या, इतके नीट वाळवलेले नमुने पहिल्यांदाच बघितले. सूचनांमधला ‘शक्यतो’ काढला आहे.

आमच्याकडं नमुना एका बशीतल्या छोट्या खाचेत टाकतात. लाळेविरुद्धची प्रतिपिंडं असतील तर खाचेत रंग येतो. जितके चावे जास्त तितका रंग गडद. चावे थांबले की सहा-आठ आठवड्यांत रंग उतरत जातो, म्हणजे हा हिशेब अलीकडचाच असतो. ही प्रतिपिंडं माणसाला वाचवत नाहीत. ती फक्त हजेरी लावतात.

तुमच्या गल्लीत बहुतेकांचा रंग फिका आहे. गडद फक्त पाच. दहा, अकरा, बारा, तेरा आणि सगळ्यात वर चोवीस. चोवीसचा रंग बाकी चौघांपेक्षाही वेगळा दिसतो. मी बशी उजेडात धरली तेव्हा बाकीचे नंबर बघायच्या आधी तीच खाच दिसली.

चोवीस नंबरच्या फॉर्मवर मच्छरदाणी ‘होय’ आहे आणि पाण्याचा साठा ‘नाही’. फॉर्म एक सांगतो, रक्त दुसरं. आमचा नियम आहे की एकट्या माणसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, काहींचं रक्त थोड्या चाव्यांनीही जास्त बोलतं. पण पाच गडद नंबर एकमेकांजवळ राहत असतील तर त्यांच्या मध्ये कुठंतरी पाणी आहे. हा डास गटारात वाढत नाही, स्वच्छ, थंड, सावलीतलं पाणी शोधतो, हे मी सहावीत असताना तुम्हीच मला शिकवलं होतं.

अकरा नंबरच्या फॉर्मवर ‘गरोदर’ लिहिलं आहे. तिला मच्छरदाणीत झोपायला सांगा. आज गल्लीत चावे आहेत, जंतू नाही. जंतू रक्तात घेऊन एखादा माणूस चार दिवस मुक्कामाला आला, तर जंतू पसरवायला डास तयारच आहेत. गरोदर बाईला हा ताप कसा येतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

तुमची,
काव्या


शुक्रवार पेठ, सोलापूर
१८ मे २०२४

चि. काव्यास,
आशीर्वाद.

तुझी पद्धत चुकीची आहे.

चोवीस नंबरचा कागद माझा आहे. तुला न सांगता मुद्दाम घातला होता. आमच्या वेळी नवा तंत्रज्ञ आला की त्याच्या ढिगात एक कोरी काचपट्टी सरकवत असू. त्याला तिच्यात जंतू दिसले की कळायचं, हा बघत नाही, कल्पना करतो. माझ्या घरात डास नाही. खिडक्यांना जाळी आहे, पलंगाला मच्छरदाणी आहे, टाकीला झाकण आहे आणि झाकणावर वीट आहे, म्हणून साठा ‘नाही’ लिहिलं. तरीही तुझ्या बशीत मी सगळ्यात वर. आता तूच ठरव.

एकट्या माणसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, हा तुमचा नियम मला पटला.

तरीही तू पाणी शोध म्हणालीस म्हणून शोधलं. हातात बॅटरी घेऊन दोन दिवस गल्लीतली सगळी पिंपं, रांजण आणि टाक्या तपासल्या. लोक मला बघून दारं लावायला लागले आहेत. बजाबाईच्या रांजणात अळ्या सापडल्या. डोकं खाली करून लटकत होत्या, म्हणजे साध्या डासाच्या. आपल्या हिवतापाच्या डासाची अळी पाण्यावर आडवी पडते. तरी मी रांजण ओतायला लावला. एका घरात अळी चालवून घेतली की दहा घरं सुस्तावतात.

बजाबाई म्हणाली, “बाई, आज तिसरा दीस हाय. नळ परवा येनार. ही पोरगी पायजड, आन्‌ तुमी पानी वतताय?”

“अळ्यांचं पाणी पिणार आहे का ती?”

“गाळून पितो की.”

“ओता.”

मानसिंगनं ओतला. अंगणातून पाणी बोळात गेलं. संध्याकाळी मी त्यांना माझ्याकडच्या दोन घागरी भरून दिल्या. बजाबाई घागर कमरेवर घेऊन म्हणते कशी, “आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुटनं, म्हनत्यात. बाईंच्या पोहऱ्यात मातुर रोज येतंय.” तिला प्रत्येक गोष्टीवर म्हण सुचते.

मच्छरदाणी मी रेश्माला दिली आहे. चार बाजूंनी कशी खोचायची तेही दाखवलं.

नमुने पुन्हा तपास.

चंद्रिका आत्या


पुणे
२९ मे २०२४

ती. आत्यांना,
साष्टांग नमस्कार.

तुमचा नमुना मी तीन वेळा तपासला. दोनदा स्वतः आणि एकदा नंबर झाकून दुसरीच्या हातून. तिन्ही वेळा तेच आलं. कोऱ्या काचपट्टीत मला जंतू दिसले असतील तर मी तुमच्या पाया पडून नोकरी सोडेन. पण ही काचपट्टी कोरी नाही आत्या. तुम्हाला हिवतापाचे डास रोज चावत आहेत. पलंगावर नाही तर आणखी कुठंतरी. न्हाणीघरात, भांडी घासताना, कपडे धुताना.

एक विचारते, रागावू नका. रांजण ओतला तो तिसरा दिवस होता. गल्लीत सगळ्यांचं पाणी तळाला गेलं असणार. तुमच्या टाकीतूनही तीन दिवस वापर झालेला. तरी दोन घागरी कुठून आल्या?

आप्पांना पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, अक्काच्या सासरी मागच्या बाजूला आड होता, दिवाळीला आलो की आम्ही त्यात पोहरा सोडून खेळायचो, पाणी इतकं गार की दात शिवशिवायचे. तो आड अजून आहे का?

पुढच्या कागदांबरोबर प्रत्येक नंबर कुठं झोपतो तेही लिहाल का? नावं नकोत. गल्लीच्या तोंडापासून किती पावलं आणि कोणत्या हाताला, एवढंच.

तुमची,
काव्या


शुक्रवार पेठ, सोलापूर
१० जून २०२४

चि. काव्यास,
आशीर्वाद.

आड १९९६ सालीच बुजवला. गल्लीत जुलाबाची साथ आली होती आणि पिण्याच्या कामाचे न राहिलेले आड बुजवायचं ठरलं. या गल्लीची यादी करायचं काम माझ्याकडं होतं. अकरा आड होते. पहिले दहा मी स्वतः उभी राहून बुजवून घेतले. लोक रडले, भांडले, एका म्हातारीनं मला शाप दिला. अकरावा आमचा. यादीची नक्कल सोबत जोडते. शेवटची ओळ बघ. ‘बुजवला.’ खाली सही आहे. यापलीकडं त्या विषयावर लिहिण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या फेरीचे कागद आणि पावलांचा तक्ता सोबत आहे. पावलं मी स्वतः मोजली.

रेश्मा मच्छरदाणी वापरत नाही. विचारलं तर म्हणते, “आत लई उकडतंय बाई. बोळात गार वाटतं. तुमच्या न्हाणीच्या भितीला पाठ लावली की झोप लागती.” तिघंही तिथंच झोपतात, पलीकडच्या घरातला तेरा नंबरही. गरोदर बाईला उकाडा सोसत नाही हे मान्य, पण सांगितलेलं ऐकायची सवय नाही या लोकांना. मानसिंग तर मलाच विचारतो, “बाई, तुमची मोटार रोज वाजती. नळ तर पाच दिसानं येतोय की.” मी म्हणाले, खालच्या टाकीतलं वर चढवते.

गेल्या पंधरवड्यात रेश्माचा भाऊ सयाजी येऊन राहिला होता. गडचिरोलीकडं जंगलातल्या रस्त्याच्या कामावर होता. इथं आला आणि तापानं फणफणला. एक दिवस ताप, एक दिवस बरा. गोळ्या घेऊन उठला. तोही बोळातच झोपायचा. मी काचपट्टी घ्यायला निघाले तर बजाबाई म्हणाली, “ग्येला की सकाळच्या गाडीनं जेऊरला.” एक दिवस उशीर झाला.

चंद्रिका


पुणे
१ जुलै २०२४

ती. आत्यांना,
साष्टांग नमस्कार.

सयाजीबद्दल वाचून मी रात्रीचं जेवण केलं नाही. एक दिवस ताप, एक दिवस बरा. हे वाक्य तुम्ही लिहिलंत आणि पुढच्या ओळीवर गेलात. एकतीस वर्षं ज्या बाईनं हे वाक्य ऐकलं की हातात सुई घेतली, त्या तुम्हीच का?

दुसऱ्या फेरीचा निकाल. फिके होते ते फिकेच आहेत. तुमचा रंग आणखी चढला. अकराचा सगळ्यात जास्त चढला, एप्रिलच्या अडीच पट. तुमच्या पावलांवरून मी कागदावर गल्ली काढली आणि प्रत्येक नंबरच्या जागी ठिपका दिला. गडद ठिपके एका जागेभोवती बसले. ती जागा म्हणजे बेचाळीस पावलं, डाव्या हाताला. तुमचं न्हाणीघर. अकरा नंबर त्या भिंतीला पाठ लावून झोपते, हे तुम्हीच लिहिलंत. बाकीच्या चौघांना चावे दुसरीकडं बसत असतील असं म्हणायला आता जागा नाही. नियम एकट्या माणसाचा होता आत्या, पाच जणांचा नव्हता.

नक्कल आप्पांना दाखवली. ते हसले. म्हणाले, “आड बुजवायला चार ट्रॉल्या मुरूम लागतो. त्या उन्हाळ्यात मी अक्काकडं महिनाभर होतो. दहा घरांपुढं ट्रॉल्या उभ्या राहिल्या. अक्काच्या दारात एकही आली नाही. शहाबादी फरशा आल्या.”

बुजवला आणि झाकला यात फरक आहे, हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे उलटंच झालं.

आजच फरशी उघडा. पाण्यात काय आहे ते बघा. रेश्माला बोळातून आजच उठवा आणि तिचं रक्त तपासा, ताप असो नसो. पंधरा तारखेपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही तर मी तिथल्या आरोग्य केंद्राला स्वतः कळवणार आहे. तुमच्याविरुद्ध म्हणून नाही. रेश्मासाठी.

काव्या


पुणे
१६ जुलै २०२४

आत्या,

फोन बंद आहे. तिसऱ्या फेरीचं पाकीट काल मिळालं. आत पत्र नाही. तेवीस कागद आहेत.

अकरा नंबरचा कागद नाही.

आरोग्य केंद्राला आज कळवलं. त्यांनी सांगितलं, त्या घराला कुलूप आहे.

काय झालंय ते लिहा.

काव्या


शुक्रवार पेठ, सोलापूर
२४ जुलै २०२४

चि. काव्यास,

उशिराबद्दल कारण देत नाही.

तुझं पत्र ६ तारखेला मिळालं. त्याच दिवशी मी रेश्माला बोळातून उठवून माझ्या पुढच्या खोलीत झोपायला लावलं. बजाबाई कुरकुरली. रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचं ठरवलं, कारण त्या संध्याकाळी ती कपड्यांच्या ढिगाशी बसली होती आणि चेहऱ्यानं चांगली दिसत होती. दुसऱ्या दिवशी ते लोक मानसिंगच्या मामाकडं कार्यक्रमाला जेऊरला गेले. मी थांबवायला हवं होतं.

१० तारखेला परत आले ते तिला धरूनच. बजाबाई म्हणाली, “परवाधरनं कनकन हाय. पयल्या खेपेला व्हतंच तसं.” अंग इतकं भाजत होतं की मी हात काढून घेतला. मी तिथंच बोट टोचलं, काचपट्टी केली, जुना सूक्ष्मदर्शक खिडकीत ठेवला. डोळा लावला आणि मोजायचं कारणच उरलं नाही. प्रत्येक क्षेत्रात अंगठीसारखे जंतू. एका पेशीत दोन-दोन. चौदा वर्षांनी काचपट्टी बघत होते, पण तो आकार विसरत नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या तापाचा हा जंतू नव्हे, हा जंगलातला.

रिक्षात मी तिच्याबरोबर होते. डॉक्टरांच्या हातात काचपट्टी दिली, त्यामुळे उपचार त्याच तासाला सुरू झाले. चौथ्या दिवशी ताप उतरला. पण पोटातली हालचाल तिसऱ्या दिवशीच थांबली होती. सहावा महिना. मुलगी होती.

रेश्मा वाचली.

घरी आणल्यावर बजाबाई माझ्या पाया पडली. या गल्लीत आजवर कोणी माझ्या पाया पडलेलं नाही. म्हणाली, “तुमी व्हता म्हनून माझी पोरगी परत आली. डाक्टर म्हनला, बाईंनी येळेला आनलं.” मी तिला उठवलं. तिला धुण्याला पाणी हवं होतं, नळाला दोन दिवस होते. मी दिलं.

चंद्रिका


पुणे
२८ जुलै २०२४

ती. आत्यांना,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. रेश्मासाठी रडले, त्या मुलीसाठी रडले. तुम्ही वेळेला नेलंत, हेही खरं.

पण तुमच्या पत्रात आड हा शब्द नाही. शेवटच्या ओळीतलं पाणी कुठलं होतं?

काव्या


शुक्रवार पेठ, सोलापूर
६ ऑगस्ट २०२४

चि. काव्यास,
आशीर्वाद.

तू विचारलंस त्याचं उत्तर.

आड कधीच बुजवला नव्हता. आमचे हे, तुझे काका, म्हणाले, बापानं खोदलेला पाण्याचा आड माती घालून मारणार नाही. पण त्यांच्यावर ढकलत नाही. ते एका शब्दानं ऐकले असते. मीच तो शब्द बोलले नाही. दहा घरांचे आड बुजवून झाल्यावर मला दिसत होतं की उन्हाळा आला की ही दहा घरं नळाच्या दयेवर राहणार. अकरावं राहू नये असं मला वाटलं. वर फरशा टाकल्या, फरशांवर न्हाणीघर बांधलं, फरशीला भोक पाडून पाइप सोडला. यादीत ‘झाकला’ लिहिलं असतं तर वरून विचारणा झाली असती. म्हणून ‘बुजवला’ लिहिलं. अक्षर माझं आहे, तू बघितलंसच.

पाइपाभोवती कापड खोचलं होतं. ते कधी कुजलं ते कळलं नाही. ६ जुलैला तुझं पत्र वाचून मी वाकून बघितलं तेव्हा भोक उघडंच होतं, बोट जाईल एवढी फट होती आणि कडेला डास बसले होते, शेपूट वर करून. आपलेच. मी फट नव्या कापडानं बुजवली. बघ, पुन्हा तोच शब्द आला. झाकली. फरशी उघडणं उद्यावर ढकललं. उद्या म्हणून अठ्ठावीस दिवस गेले.

तीन तारखेला मी मानसिंगला बोलावलं. म्हणाले, न्हाणीतली फरशी काढायची आहे, पहार घेऊन ये. कशासाठी ते सांगितलं नाही. मला वाटलं, काढताना कळेल आणि तेवढं पुरे होईल. भ्याडपणा होता. लिहिते, कारण तू विचारशीलच.

पहिली फरशी निघाली आणि आतून डास उठले. धुरासारखे नाही, त्याहून हळू. गार वाफ वर यावी तसे आले आणि मानसिंगच्या हातांवर, मानेवर बसायला लागले. त्यानं झटकले नाहीत. तो वाकून खाली बघत होता. पाणी कडेपासून पुरुषभर खोल होतं, इतकं स्वच्छ की त्याचा चेहरा दिसत होता. मी बॅटरी मारली. अळ्या पाण्यावर आडव्या पडल्या होत्या.

मानसिंगनं पहार भिंतीला टेकवली. भिंतीवर हात ठेवला. पलीकडं बोळ होता. मग तो घरी गेला.

मुरमाच्या ट्रॉल्या काल आल्या. चार. आप्पाचा अंदाज बरोबर होता, सांग त्याला. शेजारचे बघायला जमले. ज्या म्हातारीनं शाप दिला होता तिचा नातू होता त्यांत. तिसरी ट्रॉली रिकामी होत असताना बजाबाई आली. मी तिला सगळं सांगायचं ठरवलं होतं. डास, लाळ, सयाजी, तुझे ठिपके, माझी सही. कोणत्या शब्दांत सांगायचं ते सकाळी लिहूनही काढलं होतं.

तिनं मला बोलू दिलं नाही. ती आडाकडंही बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

म्हणाली, “बाई, एवढं पानी व्हतं हितं खाली. मग माझा रांजन का वतला?”

ती उत्तरासाठी थांबली, मुरूम पडत असतानाही. मग गेली. काल नळ आला तेव्हा माझ्या दोन घागरी भरून तिनं दाराशी आणून ठेवल्या. मी दिल्या होत्या त्याच.

चौथ्या फेरीचे कागद सोबत आहेत. अकरा नंबरचाही आहे. मी गेले तेव्हा रेश्मा भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिनं तोंड वळवलं नाही, फक्त हात मागं केला. बोट टोचलं तरी तो हलला नाही.

माझ्या फॉर्मवरची नोंद दुरुस्त कर. नंबर चोवीस, वय एकाहत्तर. घरात पाण्याचा साठा: होय. किती वर्षांपासून: अठ्ठावीस.

जुन्या यादीतली ओळ मी दुरुस्त केली आहे, ‘१९९६ साली झाकला, काल बुजवला’, आणि आजची तारीख घातली आहे. नक्कल सोबत जोडते. एक नक्कल आरोग्य केंद्राला दिली आहे.

चंद्रिका